साबुदाण्याचं झाड

गेल्या आठवड्यात फिलोमिनाने माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली आणि ती न उघडताच आत काय आहे ते मला कळलं. पिशवीच्या तळाला शेंदरी डाग पडला होता. "ह्या साली दुसऱ्या मादीने धरलंय," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, त्या विरारच्या बाईला नेऊन दे, तिला वेड आहे." मी हसले, थँक्यू म्हटलं आणि पिशवी पायाने टेबलाखाली सरकवली. दिवसभर माझे पाय तिला लागत राहिले.

वालीवला प्लास्टिकची झाकणं बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी डिस्पॅच बघते आणि फिलोमिना पॅकिंग. ती गास गावची, वाडीतल्या घरातली. मी विरारच्या मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, दोन माणसं बसली तर तिसऱ्याने उभं राहावं एवढ्या गॅलरीची मालकीण. आमची मैत्री डब्यांमुळे झाली आणि झाडांमुळे टिकली. तिच्या घराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी दोन सायकस आहेत. सायकस तुम्ही पाहिलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी. बुटकं, जाड, खवल्याखवल्यांचं खोड आणि त्याच्या डोक्यावर गोल पसरलेली टोकदार चकचकीत पानं. बंगल्यांच्या दारात असतं, चर्चच्या आवारात असतं, मोठ्या माणसाच्या मयताला जे मोठं पुष्पचक्र येतं त्यात मागे हीच पानं लावलेली असतात.

ह्या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. फिलोमिनाच्या दारात दोन्ही माद्याच आल्या. मग तिचे बाबा उन्हाळ्यात शेजारच्या नराच्या कणसातली पिवळी भुकटी जुन्या दाढीच्या ब्रशवर घेतात आणि आपल्या मादीच्या डोक्यात झटकतात. "लग्न लावतो," म्हणतात, "ह्या लग्नाला फादर लागत नाय." झाडाच्या मधोमध लोकरीसारख्या तपकिरी लवेचं एक घरटं असतं, त्यात हिवाळ्यापर्यंत बिया पिकतात. सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या, शेंदराच्या रंगाच्या, हातात घेतल्या की सोडवत नाहीत अशा. मला त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी एक बी पदराला पुसून किती वेळ बघत बसले होते. आता वाटतं, लाल रंग कशासाठी असतो हे लहान पोरालाही कळतं, मलाच कसं कळलं नाही.

खरं म्हणजे कळलं होतं. तिथेच तर सगळी गोची आहे.

माघाचे हे दिवस विचित्र असतात आमच्याकडे. सकाळी सातच्या रिक्षेत अंगावर शाल लागते आणि दुपारी पत्र्याच्या शेडखाली पंख्याची हवासुद्धा भाजून येते. गासकडे शेतांत पालेभाज्यांचे वाफे हिरवेगार असतात, आंब्यांना मोहोर असतो, तिकडून खारा वारा सुटतो. मनवेलपाड्याला येईपर्यंत त्या वाऱ्यात फक्त बांधकामाची धूळ उरते. पूर्वी मला ह्या दिवसांचं काही विशेष नव्हतं. ना धड थंडी, ना धड उन्हाळा. महाशिवरात्र झाली की पंखे पुसायचे, एवढंच. आता माघ लागूच नये असं वाटतं.

गेल्या वर्षी ह्याच सुमाराला आई माझ्याकडे होती. आई म्हणजे खाडीकाठच्या आमच्या गावची, भातशेतीत उभं आयुष्य काढलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. दादा आणि वहिनी तिच्याजवळ असतात, मी आठवड्या-पंधरवड्याने जाऊन येणारी लेक. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन विरारला झालं आणि थेंब घालायला सोपं पडावं म्हणून ती दोन महिन्यांसाठी माझ्याकडे राहायला आली. मुलगी नोकरीसाठी हैदराबादला गेलेली, नवऱ्याच्या शिफ्ट. घरात कोणी बोलायला आलं ह्याचा मला फार आनंद झाला होता. काळा चष्मा लावून ती गॅलरीत बसायची आणि खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारायची. "ती बाई बघ, चालते कशी, जशी काय बिल्डिंग तिचीच हाय."

पट्टी निघाली त्या दिवशी ती रंग बघत सुटली होती. तिला वाटायचं माझी भिंत पिवळी आहे. ती पांढरी निघाली. माझ्या केसांत इतके पांढरे आहेत हे तिला त्या दिवशी कळलं आणि तिने माझं डोकं धरून उजेडाकडे फिरवलं. "अगं, तू म्हातारी झालीस की," म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम उतरला. दिसायला लागल्याचा आनंद असाही असतो.

त्याच आठवड्यात फिलोमिनाने मला पहिल्यांदा बिया दिल्या. मला एक सायकस हवं होतं आणि ते नर्सरीतून उचलून आणायचं नव्हतं, बीपासून करायचं होतं. ह्या झाडाला कसलीच घाई नसते. बी टाकल्यावर सहा-आठ महिने काही होत नाही. मग एक पान येतं. मग वर्षभरात आणखी एखादं. खोड दिसायला लागेपर्यंत माणूस रिटायर होतो. मला तेच आवडलं होतं. दिवसाला किती खोके गेले आणि किती राहिले ह्यातच माझं आयुष्य चाललेलं. म्हटलं, एक तरी गोष्ट अशी असू दे जिला कोणी विचारणार नाही, झालं का, कधी होणार.

पिशवी देताना फिलोमिना म्हणाली होती, आणि मला तिचे शब्द जसेच्या तसे आठवतात, "एक लक्षात ठेव हां बाय. विषारी आहे. पाल्यापासून बियांपर्यंत सगळं. गेल्या साली आमच्या शेजारच्यांचा कुत्रा एक बी चावला आणि तिसऱ्या दिवशी गेला. सोलताना हातमोजे घाल." मी "हो गं" म्हटलं. फोनवर दोन व्हिडिओ पाहिले, त्यांतही तेच सांगितलेलं. म्हणजे मला माहीत होतं. हे इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःलाही हे किती वेळा वेगळं करून सांगितलंय त्याला गणती नाही.

चार दिवस बिया बादलीत भिजत घातल्या. रोज पाणी बदललं. पाणी नारिंगी व्हायचं, त्याला आंबूस वास यायचा. ज्या बिया तळाशी बसतात त्या पेरायच्या आणि ज्या तरंगतात त्या रुजत नाहीत म्हणून टाकून द्यायच्या, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. मी तरंगणाऱ्या काढून एका स्टीलच्या वाडग्यात ठेवल्या, कठड्याला लागून. टाकायच्या म्हणून ठेवल्या. टाकल्या नाहीत.

आई शेजारी बसून हे सगळं नव्या डोळ्याने बघत होती. "कसल्या गं ह्या? सुपाऱ्या?"

आता आईचं एक आहे. दारात कण्हेर लावायची नाही, धोत्रा दिसला की मुळासकट उपटायचा, रुईला घरापासून लांब ठेवायचं. "इखाचं झाड घरात आनू नये" हे तिने लहानपणापासून आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. मी जर म्हटलं असतं की ह्या विषारी आहेत, तर तिने बादलीसकट जिन्यातून खाली नेऊन ओतल्या असत्या आणि वर मलाच दोन शब्द सुनावले असते. मला वाद नको होता. मला माझी झाडं हवी होती. इंग्रजीत ह्या झाडाला सागो पाम म्हणतात आणि सागो म्हणजे साबुदाणा, एवढं मला व्हिडिओमुळे ठाऊक होतं.

"साबुदाण्याचं झाड आहे ते," मी म्हटलं.

"काय सांगतेस!" तिचा चेहरा असा फुलला की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. पन्नास-साठ वर्षं एकादश्या, चतुर्थ्या, शिवरात्री केलेली बाई. साबुदाणा झाडाला लागतो हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. तिने एक बी हातात घेतली, नाकाशी नेली. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "मंग साबुदान्याला हे पिवलं मोजं कशाला?"

"डाग पडतात हाताला," मी म्हटलं.

ही दोन वाक्यं. पुढे जे झालं त्याला माझ्याकडून एवढंच लागलं. मी खोटं कुठे बोलले, असं मी मनाशी किती दिवस घोळवलं. नावच तसं आहे. डागही पडतात. पण मी त्या क्षणी नाव सांगत नव्हते, आईला गप्प करत होते, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. आपण खातो तो साबुदाणा ह्या झाडाचा नाहीच, कुठल्याशा कंदाचा असतो, हे मात्र मला फार नंतर समजलं. कुठल्यातरी लांबच्या बेटांवर दुष्काळात लोक ह्याच झाडाचं पीठ दिवसचे दिवस पाण्यात धुऊन, आंबवून खात असत, तेही नंतर वाचलं. वाचून मला रडू आलं, कारण आईनेही तसंच काहीसं केलं होतं.

तळाशी बसलेल्या बिया मी सोलून रेतीत आडव्या ठेवल्या, निम्म्या वर, निम्म्या आत. दोन-तीन दिवसांनी बघते तर कठड्याजवळचा वाडगा रिकामा. मला वाटलं, आईने कचऱ्यात टाकल्या असतील. विचारलं नाही. सकाळची घाई होती, खाली रिक्षा उभी होती, आणि खरं सांगायचं तर तो विषय पुन्हा काढायचा नव्हता.

आईने त्या टाकल्या नव्हत्या. आमच्या आईने आयुष्यात खायची वस्तू टाकलेली नाही. दुपारी मी नसताना तिने त्या अडकित्त्याने फोडल्या, आतला पांढरा गर काढला, चिरून उन्हात वाळवला. लहानपणी तिने रानातले कडू कंद असेच चिरून, पाण्यात ठेवून, कडूपणा काढून खाल्लेले. म्हणून तिने तो गर रात्रभर पाण्यात ठेवला, दोनदा पाणी बदललं आणि पुन्हा वाळवून खलबत्त्यात कुटला. हे सगळं माझ्यापासून लपवून. मला चकित करायचं होतं तिला. महाशिवरात्रीला लेक कामावरून थकून येईल, उपाशी असेल, तिला तिच्याच गॅलरीतल्या साबुदाण्याची खीर द्यायची.

शिवरात्रीला संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई न्हाणीघराच्या उंबऱ्याला डोकं टेकून बसली होती. पुढ्यात बादली. तिला बोलता येत नव्हतं, फक्त हाताने ओट्याकडे दाखवत होती. ओट्यावर एक वाटी होती, वर ताटली झाकलेली. मी ताटली उचलली. गुळाची तपकिरी खीर, वर वेलची, तिच्या पद्धतीने दोन काजू. माझा वाटा.

त्या वाटीबद्दल मी आजवर कोणाला नीट सांगू शकले नाही. ती मी मोरीत ओतली, गरम पाण्याने तीनदा धुतली, आणि ते करत असताना आई मागे ओकत होती.

दवाखान्यात डॉक्टर तरुण मुलगी होती, घाईची पण शांत. "आजींनी एक्झॅक्टली काय खाल्लं?" मी झाडाचं नाव सांगितलं, फोनमधला फोटो दाखवला, बिया किती असतील तेही अंदाजाने सांगितलं. त्यात मी काही लपवलं नाही. लपवलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते. डॉक्टरने फोटो मोठा करून बघितला. "पण ह्या कशा काय खाल्ल्या त्यांनी?"

"तिला वाटलं साबुदाण्याच्या आहेत," मी म्हटलं.

तिला वाटलं. ह्या दोन शब्दांत मी सुटले. मराठीत किती सोय आहे बघा. मी सांगितलं म्हणायला करणारी लागते, तिचं नाव-गाव लागतं. वाटायला काही लागत नाही, कोणालाही काहीही वाटू शकतं. मागे दादा उभा होता, गावाहून धावत आलेला, घामाघूम. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आय पन ना! आता काय बोलायचं हिला!" आई डोळे मिटून पडली होती. तिने ऐकलं का, मला माहीत नाही.

सहा दिवस सलाईन. यकृताचे रिपोर्ट वर गेले, तिथेच राहिले, मग हळूहळू खाली आले. सहाव्या दिवशी तिने भाताची पेज मागितली तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन हमसून हमसून रडले. आई वाचली. हातांची थरथर मात्र कायमची राहिली, आणि पूर्वीचा खणखणीत आवाज गेला. दादा तिला परस्पर गावी घेऊन गेला. मी अडवलं नाही. उलट मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाज अजून वाटते.

गावात बातमी आमच्या आधी पोचलेली. म्हातारीने शोभेच्या झाडाच्या बिया खाल्ल्या, साबुदाणा समजून. लोक भेटायला यायचे, केळी ठेवायचे आणि जाताना ओटीवरच हसू दाबायचे. एका लग्नात कोणीतरी तिच्यापुढे ताट ठेवताना म्हणालं, "मावशी, बघून खा हां, पत्रावळ नका खाऊ." सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी तिथे होते. मीसुद्धा हसले.

वहिनी वाईट नाही हो. घाबरलेली आहे. तिने मसाल्याचे डबे वरच्या फळीवर नेले, शेतावर जाताना सिलिंडर बंद करून रेग्युलेटर काढून ठेवायला लागली. बाराव्या वर्षापासून चूल सांभाळलेली आई ओटीवर बसली. तिला काहीतरी काम म्हणून तांदूळ निवडायला देतात. दिवाळीआधी एकदा गेले होते, तर आईने सूपभर तांदूळ निवडून आत पाठवले आणि मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा वहिनी तेच सूप घेऊन पुन्हा निवडत होती. मला बघून ओशाळली. "आईंना दिसतं बरोबर," म्हणाली, "पन मनाला धाकधूक." तांदळात एक खडा सापडला नव्हता. आईचा डोळा आता माझ्यापेक्षा चांगला आहे.

पण सगळ्यात वाईट गणपतीत झालं. घरात पाहुणे, आरत्या, मोदक वळायला बायका बसलेल्या, आणि आई ओटीवर. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने इकडेतिकडे बघितलं आणि एखादी चोरीची गोष्ट विचारावी तसं हळू विचारलं, "मला एक सांग. ते साबुदान्याचं... तू बोलली व्हतीस का गं मला? का माझ्याच डोस्क्यात आलं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. सहा महिने सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, मग तिलाही तीच आठवायला लागली. तिच्या तोंडाकडे बघताना माझं उत्तर तयार होतं, एका शब्दाचं होतं. आणि मी म्हटलं, "जाऊ दे ना आई आता ते. बरी झालीस ना?"

"व्हय," ती म्हणाली. "हल्ली डोस्क्यात कायबी येतं."

विषाने तिचं यकृत दुखावलं, ते भरून आलं. मी हे जे केलं त्यावर सलाईन नाही. ज्या बाईने आभाळाकडे बघून लावणी ठरवली, आम्हा दोघांना तापातून, पुरातून काढलं, तिला मी स्वतःच्या डोक्याचा भरवसा धरू नकोस असं सांगून आले. तेही गोड बोलून.

गावाहून परत आले तर गॅलरीतल्या रेतीत एक बी तडकली होती. तिच्यातून जाड पांढरं मूळ बाहेर येऊन खाली वळलं होतं. मग पितृपक्षात आणखी दोन. दिवाळीपर्यंत सात रोपं झाली आणि एकेकाला एकेक पान आलं. आधी गुंडाळलेलं, लवेने भरलेलं, मग उलगडून ताठ. इतकी वाट बघितलेली ती गोष्ट, आणि मला आनंद झाला नाही. उपटून टाकावीत असं रोज वाटायचं आणि रोज पाणी घालायचे. झाडांनी काय केलं होतं? त्यांनी तर कोणाला काही सांगितलं नव्हतं.

तर ह्या वर्षी पुन्हा माघ, पुन्हा ती पिशवी माझ्या पायाशी. दुपारी डबा खाताना फिलोमिना सांगत होती की पुढच्या बुधवारी राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू, मग चाळीस दिवस मासळी-मटण बंद, आणि झावळ्यांच्या रविवारी तिच्या दारातली सायकसची पानं चर्चच्या सजावटीला जाणार. "तुझ्या रोपांना आली का पानं?" तिने सहज विचारलं. मी डबा बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा. मोजे, वाडगा, खीर, दवाखान्यातलं 'तिला वाटलं', गणपती, सगळं. तिला इतकंच ठाऊक होतं की माझी आई आजारी होती.

तिनेही आपला डबा बंद केला. मग म्हणाली, "मी तुला बोलले होते, विषारी आहे."

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

मला वाटलं आता ती उठून जाईल. तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. "आमच्यात कुमसार असतो बाय. फादरला जाऊन पाप सांगायचं. तुमच्यात कोणाला सांगतात?" मी म्हटलं, आमच्यात असं काही नसतं. देवापुढे हात जोडतो, झालं. "फादरला सांगणं सोपं असतं," ती म्हणाली. "तो काय आपल्या घरी राहात नाय. तुला जिचं वाईट केलंस तिलाच सांगायला लागेल. आणि घरच्यांसमोर. नायतर तिला एकटीला सांगून काय उपयोग, तांदूळ तर वहिनीच निवडते ना परत?" जाताना तिने ती पिशवी माझ्या टेबलाखालून काढून परत नेली.

म्हणून परवाच्या रविवारी गावी गेले. वाटेत चार वेळा ठरवलं की आज नको, शिवरात्र होऊ दे. दादा ओटीवर पेपर वाचत होता, वहिनी वाल सोलत होती, आई भिंतीला टेकून बसली होती. दुपार होती, कोंबड्या सावलीत बसल्या होत्या. मी चपला काढल्या आणि उभ्यानेच बोलायला लागले, बसले असते तर पुन्हा गप्पा सुरू झाल्या असत्या.

"मला सांगायचंय. गेल्या वर्षी आईला काही वाटलं नव्हतं. मीच तिला सांगितलं, साबुदाण्याचं झाड आहे म्हणून. आणि त्या बिया विषारी आहेत हे मला माहीत होतं. मला ती झाडं टाकायची नव्हती, म्हणून तसं बोलले."

दादाने पेपर खाली घेतला. "आता कशाला उकरून काढतेस? झालं ना येक वरीस."

वहिनीचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

आई हलली नाही. मग अगदी सावकाश म्हणाली, "म्हंजे माझ्या डोस्क्यात नव्हतं आलं."

"नाही आई."

"आनि गनपतीत मी इचारलं तवा?"

"तेव्हाही मला माहीत होतं."

तिने मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यावर हलवावी तशी. "आनि मी वरीसभर येडी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी रडत होते, तिने बघितलं नाही. भिंतीला हात लावून ती उठली आणि आत गेली. वहिनी अर्धवट उठत म्हणाली, "आई, रेग्युलेटर..." आणि मग स्वतःच खाली बसली. आतून रेग्युलेटर बसल्याचा खट्ट आवाज आला. भांडं ठेवल्याचा. वरच्या फळीवरून डबा काढायला स्टूल ओढल्याचा. दादा उठायला गेला तशी वहिनीने त्याचा हात धरला. आम्ही तिघं ओटीवर बसून आतले आवाज ऐकत राहिलो.

आईने चहा आणला. बशीत थोडा सांडलेला. दादाला दिला, वहिनीला दिला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कप पुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "पानी, पत्ती, साखर, दूध. दुसरं काय नाय त्यात."

मी पहिला घोट घेईपर्यंत ती समोरून हलली नाही.